ओरखडा, चरा आणि साडेअकरा हजार

वडगावात, शहापुरात किंवा आपल्या बेळगावातल्या कुठल्याही जुन्या गल्लीत जा आणि दारादारांत उभ्या असलेल्या गाड्या नीट बघा. अंगावर एकही रेघ नसलेली गाडी जो दाखवेल त्याला माझ्याकडून पावशेर कुंदा. या गल्ल्या झाल्या तेव्हा मधून एक बैलगाडी गेली म्हणजे पुष्कळ, असा हिशेब होता. आता तिथंच एका बाजूला चारचाकी, समोर तीन स्कूटर, मधे भाजीचा हातगाडा आणि एक गाय. त्यात कुणाची पिशवी घासते, कुणाची किल्ली, कुणाच्या छत्रीची काडी. गाडी नवीन असताना पहिली रेघ उमटते त्या दिवशी घरात कुणाला जेवण गोड लागत नाही. पाचव्या रेघेपर्यंत आपण शहाणे होतो. म्हणजे बघायचं सोडून देतो.

मी मराठी शिकवते, त्यामुळे शब्दांकडे जरा जास्तच लक्ष जातं. कातडी जराशी निघाली तर आपण ‘खरचटलं’ म्हणतो. नख किंवा काटा लागून रेघ उठली तर ‘ओरखडा’. मांजरानं काढला तर ‘बोचकारा’. आणि खोलवर गेली, बोटाला लागायला लागली, की तो ‘चरा’. आईला यातलं नेमकं काय झालंय ते मुलाच्या गुडघ्याकडे नुसतं बघून कळतं आणि हळद लावायची की दवाखान्यात न्यायचं हे ती तिथल्या तिथं ठरवते. गाडीच्या बाबतीत मात्र या सगळ्याला एकच शब्द आहे, ‘स्क्रॅच’. एकच शब्द असला की दरही एकच लागतो, हे मला गेल्या मे महिन्यात कळलं.

माझी गाडी २०१४ सालची वॅगन आर. रंग चंदेरी. २०१९ मध्ये मी ती जुनीच घेतली. कॉलेज, बाजार आणि उन्हाळ्यात एकदा चोर्ला घाटातून गोवा, एवढाच तिचा संसार. आमच्या शेजारी एक विणकर कुटुंब राहतं. घरातले कर्ते गृहस्थ पॉवरलूमवर कामाला जातात, पगार आठवड्याचा. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा सायकल घेऊन माझी गाडी आणि भिंत यांच्यामधून निघाला. हँडलाच्या एका टोकाची रबरी मूठ कधीच गळून गेली होती, नुसती नळी उरली होती. ती नळी आणि खालचं पॅडल, दोन्ही गाडीच्या डाव्या अंगावरून गेली.

संध्याकाळी ते स्वतः आले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत.

“वैनी, आमच्या पोरानं तुमच्या गाडीला सायकल घासली. काय खर्च येतोय तेवढा सांगा, मी देतो. एकदम व्हायचं न्हाई, आठवड्याला थोडं थोडं देतो.”

“राहू द्या हो” असं तोंडावर आलं होतं. पण हा माणूस असा, की वाचायला नेलेला पेपर संध्याकाळी घडी घालून परत आणून देतो. त्याला “राहू द्या” म्हणणं म्हणजे तुमची ऐपत नाही असं सांगणं. मी म्हटलं, “भाऊ, दाखवून आणते आणि मग सांगते.”

दुसऱ्या दिवशी गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या तरुण मुलानं गाडीभोवती एक चक्कर मारली, चार फोटो काढले आणि छापील कागद हातात दिला. दोन दारं आणि मागचं मडगार्ड, तिन्ही पूर्ण रंगवायची, एकूण साडेअकरा हजार. मी विचारलं, “यातली कुठली रेघ किती खोल आहे?” तो म्हणाला, “मॅडम, स्क्रॅच आहे म्हणजे पॅनेल पेंट होतं.” त्यानं मला फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याच्याकडे तीच एक पद्धत होती. पण साडेअकरा हजार हा आकडा घेऊन मी शेजारच्या दारात कशी जाणार होते? त्या घरात तो आकडा वर्षभर पुरला असता.

स्टाफरूममध्ये विषय निघाला तेव्हा सगळ्यांचं एकमत झालं, “क्लेम टाका की!” आमच्याकडे अर्थशास्त्राचे दोन प्राध्यापक आहेत, पण कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागलं मराठीवालीलाच. तो हिशेब सांगते, कारण तो पुष्कळांना ठाऊक नसतो. विम्याच्या हप्त्याचे दोन भाग असतात. एक दुसऱ्याच्या नुकसानीसाठी, तो कायद्यानं सक्तीचा. दुसरा आपल्या स्वतःच्या गाडीसाठी. वर्षभर क्लेम केला नाही तर या दुसऱ्या भागात सूट मिळते. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि लागोपाठ पाच वर्षं काही मागितलं नाही तर ५० टक्के. आपल्या गाडीसाठी एकदा क्लेम केला की ही सूट शून्यावर येते आणि पुन्हा खालून चढत जावं लागतं. मी ५० टक्क्यांवर होते. आता क्लेम केला असता तर पुढच्या हप्त्यात ५० टक्के गेले असते, त्याच्या पुढच्यात ३०, मग २५, १५ आणि ५. बेरीज १२५ टक्के, म्हणजे त्या भागाच्या मूळ हप्त्याच्या सव्वापट. माझा तो भाग सवलतीआधी चार हजारांच्या आसपास, तेव्हा पाच हजार तिथंच गेले. शिवाय लहान गाडीच्या प्रत्येक क्लेममधले पहिले हजार रुपये आपल्यालाच सोसावे लागतात. साध्या पॉलिसीत रंगाच्या सामानाचे पैसेही निम्मेच मिळतात.

तरीसुद्धा, साडेअकरा हजार खर्च करायचेच असते तर क्लेम फायद्याचा पडला असता, हे कबूल. माझा प्रश्न त्याच्या आधीचा होता. इतका खर्च करायची गरज आहे का?

उद्यमबागेच्या बाजूला आतल्या रस्त्यावर एक पत्र्याची शेड आहे. दारावर ‘टिंकरिंग अँड पेंटिंग’ अशी पाटी. (चेपलेला पत्रा ठोकून सरळ करण्याला कोल्हापूरकडचे लोक डेंटिंग म्हणतात. आपल्याकडे ते टिंकरिंग. रंग तोच, राज्य बदललं की शब्द बदलतो.) तिथले मिस्त्री साठी ओलांडलेले. धाकटा भाऊ माझ्याबरोबर आला होता, म्हणून पहिली पाच मिनिटं ते त्याच्याशीच बोलत होते. गाडी माझी, चालवते मी, हे त्यानं सांगितल्यावर माझ्याकडे वळले आणि मग मात्र त्यांनी मला शिकवायलाच घेतलं.

आधी फडक्यानं धूळ पुसली. मग पाण्याचा मग घेतला आणि रेघांवर पाणी ओतलं. “आता बघा की मॅडम. ही दिसंना झाली, ही पण दिसंना. पाण्यात जी गायब होती ती वरच्या क्लिअरमधी हाय. खाली गेलीच न्हाई.” मग अंगठ्याचं नख रेघेवर आडवं फिरवलं. “नख अडकतंय काय? न्हाई. मग घासून जातंय. अडकलं तर मात्र खड्डा हाय, त्यो घासून जायचा न्हाई.”

या दोन परीक्षांमागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. गाडीचा रंग म्हणजे एक थर नव्हे. पत्र्याला गंज धरू नये म्हणून कारखान्यात तो आधी विजेच्या साहाय्यानं एका द्रावात बुडवून लेपतात. त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून जाडी किती? मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. त्यातला खरा रंगाचा थर सगळ्यांत पातळ आणि वरचा पारदर्शक थर त्याच्या दुपटीहून जाड. चकाकी असते ती या वरच्या थराची. तो खरचटला की तिथं उजेड विस्कटतो आणि आपल्याला पांढुरकी रेघ दिसते. खालचा रंग जागच्या जागी शाबूत असतो. पाणी त्या खाचेत भरलं की उजेड पुन्हा सरळ जातो आणि रेघ दिसेनाशी होते. ती खरचटलेली रेघ. आत करडं दिसलं तर प्रायमर लागला, तो चरा. आणि चकचकीत पत्रा किंवा तपकिरी डाग दिसला तर मात्र थांबायचं नाही, कारण आपल्या पावसात तिथं गंज धरणार आणि तो रंगाच्या खालून पसरत जाणार. बंपर प्लॅस्टिकचा असतो, तो गंजत नाही. बंपरवरचे चरे डोळ्याला खुपत नसतील तर खुशाल राहू द्यावेत.

मिस्त्री बोलता बोलता दर दोन वाक्यांना ‘ड्युको’ म्हणत होते. हा शब्द आपल्याकडे गॅरेजपासून सुताराच्या कपाटापर्यंत सगळीकडे रुळलाय, पण मुळात ते एका मालाचं नाव. अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीनं १९२३ मध्ये हा झटपट वाळणारा रंग काढला. त्याआधी मोटारीला ब्रशानं वार्निशाचे हात देत आणि गाडी रंगून बाहेर पडायला काही आठवडेही लागत. फोर्डची मॉडेल टी १९१४ पासून १९२५ पर्यंत फक्त काळ्या रंगातच मिळत होती. ड्युको आल्यावर हेच काम दिवसांवर आलं आणि रंगीत गाड्यांचे दिवस सुरू झाले. आता गाड्यांचे रंग वेगळे, रसायनं वेगळी. मिस्त्रींच्या तोंडी शब्द मात्र शंभर वर्षांपूर्वीचाच.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी वर्कशॉपमध्ये कुणाला सुचली नव्हती. विचारलं, “सायकल केवढी हाय पोराची?” मी हातानं उंची दाखवली. त्यांनी गाडीवर दोन ठिकाणी बोट ठेवलं, एक हँडलाच्या उंचीला आणि एक पॅडलाच्या. डाव्या अंगावर एकूण सात रेघा होत्या. त्यातल्या सायकलीच्या मापात बसणाऱ्या तीनच. बाकीच्या चार जुन्या, गल्लीच्या देणग्या. साडेअकरा हजारांच्या कागदात या सगळ्यांचं बिल एका पोराच्या नावावर लागलं होतं.

तीनातल्या दोन हँडलाच्या, लांबलचक पण उथळ. पाणी मारलं की गायब. पॅडलाची एकच, मागच्या दारावर, दोन बोटं लांब, आणि तिच्या तळाशी पत्रा चमकत होता.

“ह्या एवढ्यासाठी दार रंगवू नका,” मिस्त्री म्हणाले. “कंपनीचा भट्टीतला रंग हाय त्यो. एकदा काढला की तसला पुन्यांदा बसत न्हाई. घासायचं काम तुम्ही घरी करा. हे पॅडलाचं मी भरून देतो. पण आधीच सांगतो, सहा फुटावरनं दिसणार न्हाई, जवळनं दिसंल.” चंदेरी रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. ते कारखान्यात फवाऱ्यानं जसे बसतात तसे ब्रशानं बसत नाहीत, म्हणून टचअप थोडा गडद दिसतो. साधा पांढरा असता तर इतकाही फरक जाणवला नसता. सहा फुटांवरून गाडी बघणारेच लोक माझ्या ओळखीत जास्त आहेत. मी हो म्हटलं.

घाई एका कारणानं होती. मे संपत आला होता. पावसाळ्यात हवेत दमटपणा असला की लॅकर वाळताना पांढुरका पडतो, म्हणून जून लागायच्या आत हे काम उरकायला हवं होतं. (भर पावसात पत्रा उघडा पडला तर काय करायचं, तेही विचारून घेतलं. कोरडं करून त्यावर नखांना लावायचं बिनरंगी नेलपॉलिश लावायचं. दिसायला सुंदर नव्हे, पण उघडीप मिळेपर्यंत पाणी अडतं.) रंगाचं नाव आणि क्रमांक गाडीवरच्या पट्टीवर असतो, बॉनेटखाली किंवा दाराच्या चौकटीवर. तो लिहून नेल्याशिवाय दुकानात जाऊ नये. ‘चंदेरी द्या’ म्हटलं तर दुकानदार विचारतो, कुठला चंदेरी?

मिस्त्रींनी चऱ्याच्या कडा पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिशपेपरनं साफ केल्या, प्रायमरचा थेंब काडीनं सोडला, तो वाळू दिला. मग बाटली खळाखळा हलवून रंगाचे तीन पातळ हात दिले, प्रत्येक वेळी मधे वाळू देऊन, आणि वर क्लिअर. एकच जाड हात दिला तर तो वरून वाळतो, आत ओलाच राहतो आणि पुढं सुरकुततो. आठवडाभर त्याला हात लावायचा नाही, अशी ताकीद मिळाली.

घासायचं काम त्या रविवारी सकाळी सातला सुरू केलं, गाडी सावलीत असताना. तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड लगेच सुकतं. शेजारच्या मुलाला त्याच्या वडिलांनीच पाठवलं होतं, अर्ध्या चड्डीत, हातात बादली. पहिल्यांदा गाडी शाम्पूनं धुतली. भांड्याच्या पावडरीनं नाही, तिनं आणखी रेघा उठतात. त्यानंतर जुन्या सुती धोतराचा तुकडा, त्यावर बोटभर रबिंग कंपाउंड, आणि एका वेळी वीतभर जागा. कंपाउंड रेघ भरत नाही, हे लक्षात ठेवावं. ते भोवतालचा क्लिअर कोट अगदी किंचित झिजवून रेघेच्या पातळीला आणतं. म्हणून दाराच्या कडांवर आणि बाकावर जोर द्यायचा नाही, तिथं थर मुळातच पातळ असतो. आणि दर दिवाळीला हौसेनं घासायचं नाही. क्लिअर कोट परत उगवत नाही.

मुलाच्या हातून फडकं एकदा खाली पडलं. त्यानं उचलून पुन्हा लावायला घेतलं, तेव्हा त्याला थांबवून फडक्यात अडकलेले वाळूचे कण दाखवले. पुढच्या वेळी पडल्यावर त्यानं न सांगता दुसरा तुकडा घेतला. साडेआठपर्यंत हँडलाच्या दोन्ही रेघा गेल्या. मग त्याला चेव चढला आणि गल्लीच्या चार देणग्यांपैकी तीनही त्यानं घालवल्या. एक लाल रेघ तर ओरखडा नव्हताच, कुणाच्या तरी लाल स्कूटरचा रंग आमच्या रंगावर चढून बसला होता. तो कंपाउंडनं दोन मिनिटांत निघाला. शेवटी पॉलिशचा हात. कुणी खोबरेल तेल किंवा टूथपेस्ट लावायला सांगतं. टूथपेस्टमध्ये घासणारी भुकटी असते, त्यामुळे अगदी फिकट रेघ जाते. तेल मात्र नुसतं झाकतं, दोन धुण्यांत रेघ परत हजर.

आता पैशांचं. कंपाउंड १९०, पॉलिशपेपर ६०, पॉलिश २६०, रंग आणि क्लिअरची छोटी जोडी ३२०, मिस्त्रींची मजुरी ४००. एकूण १,२३०. कंपाउंड, पेपर आणि पॉलिश माझ्या खात्यात, कारण ते जुन्या रेघांनाही लागलं आणि बाटल्या माझ्याच घरात राहिल्या. पॅडलाच्या चऱ्याचे ७२०. मी कागदावर सगळं लिहून, दुकानाचं बिल जोडून त्यांच्याकडे नेलं. त्यांनी कागद दोनदा वाचला.

“एवढंच? गल्लीत तर लोक धा-बारा हजार म्हणत हुते.”

“लोकांनी नख लावून बघितलं नव्हतं, भाऊ.”

शनिवारी त्यांनी पाचशे आणून दिले, पुढच्या शनिवारी दोनशेवीस. मी दोन्ही वेळा मोजून घेतले. मधल्या आठवड्यात सायकलीला नवीन मुठी बसल्या होत्या, दोन्ही बाजूंना, काळ्या.

पावसाळा गेला. खंडेनवमीला त्यांच्याकडे मागाच्या धोट्याची आणि माझ्याकडे गाडीची पूजा. सकाळी गाडी धुवायला तो मुलगा आपणहून आला. मागच्या दारापाशी बसून त्यानं पॅडलाच्या जागेवरून बोट फिरवलं. कड फुगलेली नव्हती, तपकिरी काही नव्हतं. मग उठून पुढं गेला आणि ओरडला,

“काकू, हितं एक नवीन हाय! ही माझी न्हवं हं!”

मी वाकून बघितलं. उंची स्कूटरच्या हँडलाची होती. त्यानं मग भरला आणि पाणी ओतलं. रेघ दिसेनाशी झाली.